शंभर पत्त्यांवरून एकच मागणी

४ सप्टेंबर

आत्या,

फोन मुद्दामच करत नाही. मागच्या वेळी मी "धुकं" म्हटलं आणि तू "कुठे दुखतंय?" असं विचारत बसलीस. तुझे कान आणि माझा घसा, दोघांनाही आराम म्हणून हे पत्र.

बाबांची पहिली फेरी बंद व्हायच्या बेतात आहे. सकाळी साडेसहाची बोट. धुक्याच्या दिवसांत ती कधी वेळेवर सुटते, कधी दोन-दोन तास धक्क्याला बांधलेली असते आणि लोक कुडकुडत उभे. गेल्या हंगामात बाबांना दोनदा अर्ध्या खाडीतून बोट मागे फिरवावी लागली. आता कंपनीचं म्हणणं, एवढी कटकट कशाला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहिली फेरीच नको. पण पलीकडच्या काठावरून त्याच बोटीने लोक डायलिसिसला येतात. दुसऱ्या बोटीने आले तर त्यांचा नंबर गेलेला असतो. त्यातल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई काल धक्क्यावरच्या माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "मग मी काय पोहत येऊ?" मी वेळापत्रक करणारी बाई. त्यांचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. उद्या सकाळी धुकं येणार का आणि साधारण कधी निवळणार, हे आदल्या संध्याकाळी सांगता आलं, तर फेरी रद्द करायची गरजच नाही. उशिरा सोडायची, आणि तसं रात्रीच कळवायचं. प्रोग्राम लिहायला मी शिकलेय. पण त्याला जुन्या नोंदी हव्यात: हवा, पाणी, वारा, दमटपणा, तासातासाच्या, वीसेक वर्षांच्या, खाडीकाठच्या सगळ्या केंद्रांच्या. त्या तुमच्या हवामान संग्रहात आहेत, आणि फुकट आहेत. फक्त तुमची साइट इंटरनेटवरच्या एका पत्त्याला दिवसाला मोजक्याच फाइली देते. या वेगाने मला सगळं मिळेपर्यंत बाबा रिटायर होतील आणि मीही.

तू तर तिथेच बसतेस. एका डिस्कवर सगळं टाकून पाठवशील? ऑक्टोबरच्या अखेरीस कंपनीची मीटिंग आहे. बाबा मात्र हसतात. म्हणतात, "धुकं काय तुला विचारून येतं?"

तुझी,
भिंगरी


९ सप्टेंबर

भिंगरे,

कल्पना चांगली आहे. दादाला म्हणावं, हसून घे आत्ता.

पण डिस्क पाठवणार नाही. तोंड वाकडं करू नकोस, ऐक. सगळं एकदम हवं असेल त्याच्यासाठी अर्ज असतो. समिती बसते, बघते, देते. पुढची समिती जानेवारीत आहे. तुला ते उपयोगाचं नाही, कळतंय मला. पण एका संशोधकाला मी जूनमध्ये हेच सांगून परत पाठवलंय, आणि आता भाची आली म्हणून मागचं दार उघडू? उद्या त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?

ती मर्यादाही कुणाला छळायला ठेवलेली नाही. आमचं मशीन म्हातारं आहे. काचेच्या खोलीत त्याला गार ठेवतो आणि त्याच्यापायी मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते. एकानेच सगळं ओढायला घेतलं की ते धापा टाकायला लागतं, आणि बाकीचे दारात ताटकळतात. रोज शेतीवाले येतात, शाळा येतात, विमानतळावरचे येतात. सगळ्यांना थोडं थोडं.

तू असं कर, सगळी केंद्रं नको घेऊस. तुमच्या जवळची तीन-चार निवड आणि रोज तुझा वाटा घेत जा. मीटिंगपर्यंत काहीतरी हाती लागेल. कोणती केंद्रं भरवशाची ते मी सांगते, खाली लिहिलंय.

रागावलीस ना? रागाव. पण उत्तर पाठव.

आत्या


२३ सप्टेंबर

आत्या,

रागावले होते, दोन दिवस. मग राग धरायलाही वेळ उरला नाही.

काम झकास चाललंय. केंद्रांबद्दल लिहिलंस ते फार उपयोगी पडलं. नोंदींची थोडी सोय झालीय, त्यामुळे तू त्याची काळजी करू नकोस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मी खिडकीचा पडदा ओढते आणि आकडे बघत बसते. एक गंमत सापडली. संध्याकाळी वारा पडला आणि पाणी हवेपेक्षा बरंच गरम असलं, तर पहाटे धुकं जवळजवळ ठरलेलं. पण ते निवळतं कधी, यातच खरी मेख आहे. त्यासाठी अजून वर्षं हवीत.

बाबांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, आणि म्हणाले, "छान रंग दिलेस." आता बोल!

भिंगरी


२ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझ्या पत्राला उशीर झाला, कारण इकडे दहा दिवस नुसता धुमाकूळ आहे.

कुणीतरी आमच्या संग्रहावर तुटून पडलंय. सरळ येत नाही, वेष पालटून येतं! एका पत्त्यावरून दहा-बारा फाइली घेतल्या की गायब. लगेच दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या पत्त्यावरून दहा-बारा. मग तिसऱ्या. शंभराच्या वर पत्ते मीच मोजले आणि मग मोजायचं सोडलं. एकही पत्ता मर्यादा ओलांडत नाही, सगळे कसे सभ्य! पण मी इतकी वर्षं इथे बसलेय. सगळ्या पत्त्यांवरून फाइली एकाच क्रमाने जातायत, जिथे एक थांबतो तिथून पुढचा सुरू करतो. शंभर माणसं असं वागत नाहीत. हे एकच माणूस आहे, शंभर टोप्या घालून आलेलं.

मशीन बिचारं मेटाकुटीला आलंय. परवा विमानतळावरून फोन, की सकाळच्या नोंदी उघडत नाहीत. साहेब वैतागले आणि म्हणाले, "फुकट देणंच बंद करू." मला ते ऐकून कसंसंच झालं. लोकांच्या पैशातून गोळा झालेल्या नोंदी आहेत, त्या लोकांना फुकटच मिळायला हव्यात, यासाठी मी किती भांडलेय तुला माहीत नाही.

नक्की कुठली तरी मोठी कंपनी असणार. इथून फुकट उचलायचं आणि बाहेर विकायचं. मी पण पदर खोचलाय. सापडेल तो पत्ता बंद करत सुटलेय. काल एका दिवसात चाळीस बंद केले. घरी जाताना स्वतःवरच खूश होते.

तुझं कसं चाललंय? तुला त्रास झाला का गं साइट उघडताना?

आत्या


४ ऑक्टोबर

आत्या,

घाईत लिहितेय. मला काही त्रास झाला नाही. विमानतळाचं पुढे काय झालं? कुणाचं विमान वगैरे अडलं नाही ना?

मला वाटतं, तो जो कोण आहे तो आता जरा हळू जाईल. मशीन जुनं आहे हे त्याला ठाऊक नसेल कदाचित. सगळेच काही विकायला नेत नाहीत.

साहेब खरंच बंद करतील का?

भिंगरी


११ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझ्या तोंडात साखर पडो. चोर खरंच हळू झाला! विमानतळाचंही निभावलं, त्यांना सकाळच्या नोंदी मी फोनवरून वाचून दाखवल्या. त्यांना मला प्रत्येक आकडा दोनदा विचारावा लागला, ते सोड.

पण आज माझंच मन थाऱ्यावर नाही.

बंद केलेल्या पत्त्यांपैकी एक शाळा निघाली. दूरची, लहानशी. मी काय करते, पत्ता बंद केला की मालकाला एक पत्र जातं. त्या दिवशी मी तावातावात होते, म्हणून नेहमीचा मजकूर बदलून चार शब्द कडक घातले. 'ही सरळसरळ चोरी आहे, लाज वाटायला हवी' असले. काल तिथल्या विज्ञानाच्या बाईंचं उत्तर आलं. त्यांची मुलं रोज शाळेच्या अंगणात पाऊस मोजतात आणि आमच्या नोंदींशी ताडून बघतात. सोमवारी सकाळी साइट उघडली तर दार बंद, आणि वर माझं पत्र. बाईंनी लिहिलंय, 'आमच्याकडून काय चुकलं ते कृपया सांगा. पत्र मुलांनी वाचलं आहे आणि ती मला विचारत आहेत. मला त्यांना नीट समजावून सांगायचं आहे.'

एक शब्द रागाचा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या शाळेतून फाइली गेल्यात हे खरं. नोंद माझ्यासमोर आहे. पण त्या बाई खोटं बोलत नाहीत हेही मला कळतंय. दोन्ही खरं कसं असेल? तू या कॉम्प्युटरच्या भानगडी जाणतेस. सांग मला.

आत्या


१२ ऑक्टोबर

आत्या,

दोन्ही खरं आहे. त्या बाई खोटं बोलत नाहीत आणि फाइली त्यांच्या शाळेतूनच गेल्या. त्या मी नेल्या.

तुझा चोर मी आहे. मोठी कंपनी वगैरे कुणी नाही. वेळापत्रकाच्या खोलीतली भिंगरी.

कसं केलं ते सांगते. प्रॉक्सी म्हणून एक सोय भाड्याने मिळते. माझी मागणी थेट तुमच्याकडे न येता मध्ये तिसऱ्याच कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून येते, त्यामुळे तुम्हाला पत्ता त्याचा दिसतो. आणि तो पत्ता आपोआप बदलत राहतो. प्रत्येक पत्त्याला मर्यादेइतक्याच फाइली मागायच्या. मी स्वतःला सांगितलं, मर्यादा तर कुणाचीच मोडत नाही. नोंदी फुकट आहेत, काम चांगलं आहे, कुणाचं काय जातं?

ते मधले कॉम्प्युटर कुणाचे, हे मी विचारलंच नाही. मला वाटलं असतील कुठल्या तरी गोदामात रांगेने ठेवलेले. तुझं पत्र आल्यावर शोधलं. लोक फुकटचा एखादा खेळ उतरवून घेतात, आणि त्याच्या लांबलचक अटींमध्ये कुठेतरी लिहिलेलं असतं, की तुमचं इंटरनेट आम्ही इतरांना वापरायला देऊ. कोण वाचतंय? त्या शाळेतल्या कुणीतरी असाच खेळ घेतला असणार. मी तुमच्या दारात त्या मुलांचे कपडे घालून आले, आणि मार त्यांना बसला.

तुझं दोन तारखेचं पत्र वाचून मला सगळं कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी प्रोग्रामचा वेग कमी केला आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. आज सकाळी तो पूर्ण बंद केलाय. वीस वर्षांपैकी नऊ वर्षं हाती आहेत. ती पुसून टाकायची असतील तर सांग, पुसते.

बाबांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या होडीतून गेलीस आणि तिला भोक पाडून आलीस." आणि जेवायला बसले. मला वाढलं मात्र त्यांनीच.

शाळेच्या बाईंना मी स्वतः लिहू का? तू म्हणशील तसं.

भिंगरी


२० ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नंतर आठ दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर शाळेला लिहिलं त्याहून वाईट लिहिलं असतं. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा राहिलेला नाही.

मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, सापडली, माझी भाची आहे. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "तुम्हाला माहीत होतं?" म्हटलं, नाही. ते म्हणाले, "तिने आधी तुमच्याकडे मागितलं होतं?" म्हटलं, हो, आणि मी नाही म्हटलं. "आज मागितलं तर?" म्हटलं, आजही नाहीच म्हणेन. यावर साहेब हसले. मला हसू आलं नाही.

निकाल असा. तुझा स्वतःचा पत्ता वर्षअखेरपर्यंत बंद. जे नेलंस ते ठेव. माहिती फुकटच आहे, ती परत घेऊन आम्ही काय करू? पण बाळे, माहिती फुकट असली तरी दार फुकट नसतं. ते उघडं ठेवायला माणसं लागतात, मशीन लागतं, आणि येणाऱ्याने आपला चेहरा दाखवावा लागतो. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तू शंभर टोप्या घातल्यास आणि मी त्या एकेक उडवत घरी आनंदात गेले. दोघी एकमेकींशीच लढत होतो, मूर्खासारख्या.

दुसरी गोष्ट. साहेब म्हणाले, एका पोरीला बोटीच्या वेळापत्रकासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तर किती जण गुपचूप परत जात असतील? म्हणून खाडीकाठच्या सगळ्या केंद्रांचा एक तयार गठ्ठा करायचा आणि साइटवर रहदारी कमी असते तेव्हा सगळ्यांना खुला ठेवायचा, असं ठरलंय. गठ्ठा मीच बांधतेय. तो जूनमधला संशोधक खूश झाला. तुझ्या मीटिंगच्या आत होणार नाही, ती आशा सोड. नऊ वर्षांवर उभी राहा.

शाळेचा पत्ता मी त्याच दिवशी उघडला आणि बाईंची माफी मागितली. तू पण लिही. पाल्हाळ न लावता लिही.

दादाने वाढलं म्हणालीस. मग मी काय जास्त बोलू?

आत्या


३ नोव्हेंबर

आत्या,

आधी शाळेचं. मी बाईंना लिहिलं, त्यांनी लगेच फोन केला. आवाज तुझ्यासारखा, पण ऐकू येतं त्यांना! मी त्यांना तो खेळ शोधून काढायला मदत केली. ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर होता, गाड्या पळवायचा काहीतरी. काढून टाकला. मग त्या अडखळत म्हणाल्या, "मुलं विचारतायत, त्या ताई चोर आहेत का? काय सांगू?" मी म्हटलं, मीच सांगते. त्यांनी फोन वर्गात नेला. मी सांगितलं, की मी तुमचं नाव वापरून रांगेत घुसले, आणि शिक्षा तुम्हाला झाली. मग मागून एक मुलगी ओरडली, "पण धुकं कळलं का?"

हसावं का रडावं कळेना. म्हटलं, अर्धं कळलं.

आणि मीटिंगमध्येही तेच सांगितलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "किती खात्री?" आदल्या दिवशीपर्यंत मी 'जवळपास नेहमी' म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून खरं निघालं. चार वेळांपैकी तीनदा बरोबर येतं, चौथ्यांदा चुकतं, कारण माझ्याकडे निम्म्याच वर्षांच्या नोंदी आहेत. निम्म्याच का, तेही सांगितलं. बाबा कप्तान म्हणून तिथेच बसले होते, टेबलाकडे बघत. वाटलं, संपलं आता.

पण मी हॉस्पिटलमध्येही जाऊन आले होते. तिथल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, की आदल्या संध्याकाळी कळलं तर पलीकडच्या लोकांचे नंबर या काठच्या लोकांशी बदलून देतील. अडचण उशिराची नव्हतीच, ऐनवेळी कळण्याची होती. हे ऐकून मोठे साहेब बाबांकडे वळले. "कप्तान, तुमचं काय?" बाबा म्हणाले, "आत्ता मला शून्य वेळा कळतं. तीन बरे."

हा हंगाम करून बघायला दिलाय! फेरी राहिली. अट एकच, रोज संध्याकाळी धक्क्यावरच्या फळ्यावर मी स्वतः लिहायचं, खाली माझी सही.

शिवणकामवाल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं, पोहता कुठे येतं मला?"

भिंगरी


१४ डिसेंबर

धाकटे,

मला लिहायचा सराव नाही हे तुला माहीत आहे. पण पोरगी म्हणाली, "तुम्हीच लिहा. मी लिहिलं की आत्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय." म्हणून बसलोय.

तुझा गठ्ठा मिळाला. आमच्या इंजिनखोलीतल्या गड्याने आपल्या नावाने रीतसर उतरवून घेतला. तिचा पत्ता अजून बंद आहे ना! ती दोन दिवस त्यातच बुडालेली होती. आता म्हणते, पाचांत चार.

धुकं बरंच पडलं यंदा. फळ्यावर 'उद्या साडेआठ' असं लिहिलं, की लोक साडेआठला येतात. धक्क्यावर कुणी कुडकुडत नाही. मीही घरून पोटभर खाऊन निघतो. पोट सुटतंय म्हणते तुझी वहिनी. हॉस्पिटलचं नीट चाललंय, एकाचाही नंबर गेलेला नाही.

पण मला सांगायचं होतं ते मंगळवारचं. फळ्यावर साडेआठ लिहिलेलं, आणि पहाटे बघतो तर आभाळ लख्ख. पलीकडच्या काठावरची घरं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ. बोट बांधलेली आणि डोक्यावर ऊन. ज्यांना फळा बघायला जमलं नव्हतं ते साडेसहालाच आलेले, आणि जे खरंच उशिरा आले ते ऊन बघून जास्तच चिडले. एकाने तर खिडकीवर थाप मारली. मी बोटीवरून उतरून जाणार होतो. शेवटी पोरगी आपली आहे.

तेवढ्यात तिनेच दार उघडलं. आत बसून राहता आलं असतं, आमच्या ऑफिसात तशीच पद्धत आहे. ती बाहेर येऊन फळ्याखाली उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माझा अंदाज चुकला. उद्याचा फळा आज संध्याकाळी सातला लिहिते. ज्यांचा खोळंबा झाला त्यांनी मला बोला, कप्तानांना नको."

दोघे-तिघे बोलले. तिने ऐकून घेतलं. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "चला बाई, आधी बोट तर सोडा." लोक हसले.

धुकं सांगता येतं यावर माझा अजून पुरता विश्वास नाही. पण त्या सकाळी ती तिथे उभी होती ते मी वरून बघितलं. तुला दिसायला हवं होतं.

मी भोंगा दिला आणि निघालो.

दादा